सल्ल्यापुरता

विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेचं जिम. बास्केटच्या जाळीखाली,
पुठ्ठ्याच्या आडोशात ऑर्डिस ट्वाइट.
एकतीस वर्षं सातवीला व्याकरण शिकवलं हिनं.

प्रश्न तिसरा. कौल सल्ल्यापुरता, बंधनकारक नाही:
‘कष्टाळू कुटुंबांवरचा अन्यायकारक बोजा थांबवण्यासाठी
उधळपट्टीचा ग्रंथालय-कर रद्द व्हावा,
असं आपल्याला वाटतं ना?’

तिला आधी ते ‘ना’ दिसलं.
हनुवटी धरून लेकराची मान
हलवून घ्यावी, तसं.

ग्रंथालय म्हणजे डेल्मरच्या दोन खोल्या.
हिवाळ्यात म्हातारे तिथं हीटरवर मोजे वाळवतात,
पेपर तोंडावर घेऊन झोपतात.
उधळपट्टी!

हो म्हणावं, तर डेल्मरचा दिवा जातो.
नाही म्हणावं, तर आपण कष्टाळूंच्या विरुद्ध.
नवरा तिचा गोठ्यातच गेला,
पहाटे चारला, धार काढताना.

पेन हातात होतं. सवयीनं तिनं
‘अन्यायकारक’खाली रेघ मारली,
‘उधळपट्टी’भोवती गोल केला,
समासात लिहिलं:
विशेषणं काढ. मग विचार.

यंत्रानं कागद परत ओकला.
यंत्रापाशी बसलेला तिचाच जुना विद्यार्थी
खालच्या आवाजात म्हणाला,
बाई, गोल नुसता भरायचा असतो.

आणि नवी पत्रिका दिली,
तोच प्रश्न, कोरा करकरीत.