मोजा

"मोजा," हिस्के म्हणाली आणि शिडीच्या तोंडापासून बाजूला झाली.
मी टेप ओढला.
आढ्याखाली दोन मीटर चाळीस.
अर्धं पाऊल डावीकडे, एक पंचाण्णव.
आणखी थोडं सरकलो तर कपाळ तुळईवर.
फारसं लागलं नाही. काहीतरी मऊ होतं तिथे.
"तीच ती," हिस्के हसली. "सगळ्यांना एकदा भेटते."

हार्लिंगनच्या या गल्लीत घरं खांद्याला खांदा लावून,
पाखी उभ्या उताराची,
समुद्रावरचा वारा कौलांवरून घसरून पुढे जावा म्हणून.
वारा जातो. माणूस अडकतो.
जमिनीवर मोजलं तर माळा चोवीस चौरस मीटर,
ताठ मानेनं मोजला तर सहा.

वरची खोली आफ्केला हवी होती, तिच्या बहिणीला.
पंचेचाळीस वर्षं बोटींवर स्वयंपाक करून
ती आता किनाऱ्याला लागणार होती.
बारा वर्षांची असताना तिनं बापाकडे मागितली होती
छतातून पुढे काढलेली एक खिडकी,
आत उभं राहता येईल अशी.
बाप म्हणाला, तुझी उंची थांबली की बघू.
थांबली, एक मीटर एकोणनव्वदवर,
पण तोवर ती घरातून गेलेली.
वळचणीचं पाणी आढ्याला चढायला
बावन्न वर्षं लागली.

आणि मग पाकोळ्या.
नगरपालिकेचा माणूस तीन संध्याकाळी
रस्त्यात दुर्बीण घेऊन उभा राहिला,
लिहून गेला: तिसऱ्या ओळीतल्या कौलाखाली घरटी,
पिल्लं उडेपर्यंत हात लावू नये.
आफ्के येऊन पोचली होती.
दोन महिने सोफ्यावर झोपली, पाय खुर्चीवर.
पाकोळ्यांना घाई नव्हती.

ऑगस्टात कौलं उतरवली.
रिपा निघाल्या, वासे उघडे पडले,
साठ-सत्तर वर्षांची धूळ उन्हात पहिल्यांदा बसली.
करवत टेकवायला तुळईजवळ गेलो
आणि तेव्हा दिसला
करड्या लोकरीचा मोजा,
आत चिंध्या कोंबलेल्या, चार खिळ्यांनी ठोकलेला,
बरोबर त्या जागी जिथे माझं कपाळ गेलं होतं.
त्याच्याखाली जुन्या खिळ्यांची भोकं.
अकरा मोजली, मग सोडून दिलं.
"आईचं काम," हिस्के खालून म्हणाली.
"दर हिवाळ्यात नवा. बाबांना सांगायचं नाही."

योरिटनं क्रेन आणली.
कारखान्यातून तयार होऊन आलेली अख्खी खिडकी,
भिंती, छप्पर, काचा सगळ्यासकट,
पट्ट्यांवर लटकत गल्लीवरून गेली.
समोरची म्हातारी कॉफी गार होईपर्यंत बघत राहिली.
साडेअकराला उचलली, बाराला बसली.
ओळंबा सोडला. ओळंबा कुणाची भीड धरत नाही.
चार मिलिमीटर.
घर जुनं आहे. मी पाचर मारली.

संध्याकाळी आफ्के वर आली.
मी उगाच तिच्यासमोर टेप लावून दाखवला:
दोन पंधरा इथे, दोन पंधरा तिथे.
तिनं मान हलवली, ऐकल्यासारखी.
मग खिडकीकडे चालत गेली,
आणि जिथे तुळई होती,
जिथे आता नुसती हवा आणि ताज्या रंगाचा वास,
तिथे तिनं मान खाली घातली.
पलीकडे जाऊन ताठ झाली. बंदराकडे बघितलं.
कुठली बोट कुणाची ते सांगितलं.
परत येताना पुन्हा तेच.

मी काही बोललो नाही.
बिलात लिहिलं: तुळईचा कापलेला तुकडा,
सत्तर सेंटीमीटर, मालकिणीस परत. मोज्यासकट.
वळचणीला पाकोळ्यांसाठी पेटी बसवली,
तिचे पैसे लावले नाहीत.
त्या एप्रिलच्या शेवटी येतील,
जुन्या कौलाच्या जागी दोन-तीनदा धडकतील,
मग सापडेल.