शंभरातले पाच

पहिला प्रश्न सोपा होता: मुलीचं नाव.
ओडेट मे हॅलोरन. वय दोन वर्षं चार महिने.
दुसऱ्यालाच मी अडकले.
जोडीदार: आहे. नाही.
दोनच चौकोन, आणि मधे कर्सर
पापणी लववत बसलेला.

ब्रॅमला काय म्हणायचं, सांगा.
महिन्यातून दोनदा गीलाँगहून बोटीने येतो,
जाताना दात घासायचा ब्रश इथेच विसरतो
आणि पुढच्या खेपेला नवा घेऊन येतो.
माझ्या बेसिनवर त्याचे तीन ब्रश आहेत.
हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

डेव्हनपोर्टची लायब्ररी सहाला बंद होते.
पावणेसहापासून ग्रेटाबाई एकेक दिवा मालवत येतात,
माझ्या डोक्यावरचा सगळ्यात शेवटी.
त्याच म्हणाल्या, खरं तेच लिही बाई,
खोटं लिहिलंस तर ते लक्षात ठेवायला
आणखी एक वही घालावी लागेल.
खरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी 'नाही'वर खूण केली.

मग तास. पंधरवड्यात किती काम करता?
मी त्याच बोटीवर केबिनी आवरते.
सकाळी माणसं उतरतात,
मी त्यांच्या अजून कोमट चादरी ओढून काढते.
कधी आठवड्याला पाच पाळ्या, कधी एकच.
फोनवर बावन्न मिनिटं तेच ते पियानो,
मग कियरन नावाचा मुलगा, सर्दी झालेला:
दोघं असाल तर, मॅडम,
दोघांत ज्याचे तास कमी, तेच आम्ही धरतो.
मी म्हटलं, आम्हीही.
तो म्हणाला, सॉरी?
मी म्हटलं, काही नाही, पुढे.

पुढे येत्या वर्षाचं उत्पन्न. अंदाजे.
मला येत्या मंगळवारचंही माहीत नाही, मी म्हटलं.
चालेल, वर्ष संपल्यावर ताळा करतो,
म्हणून मदतीतले शंभरातले पाच
आम्ही आधीच मागे ठेवतो.
माझेच?
बहुतेक सगळ्यांचे, मॅडम.
इतक्या गोड आवाजात माझ्यावर
कुणी कधी अविश्वास दाखवला नव्हता.

एक लस राहिली होती, अठराव्या महिन्याची,
तेव्हा ताप होता, नंतर मी विसरले.
ती टोचून घेतली. ओडेट नर्सच्या कानातला मासा
बघत राहिली, रडायचं राहूनच गेलं.
मग पत्र आलं. मंजूर.
पाळणाघराच्या बिलात मोठ्या आकड्याखाली
एक लहान आकडा आला, मला पेलेल असा.
पहिल्या दिवशी तिने मागे वळूनही पाहिलं नाही.
मीच जाळीच्या फाटकाशी, हातात तिचा एक बूट.

तेव्हापासून मलाही खोड लागली.
ब्रॅम म्हणाला, इथल्या धक्क्यावर नोकरी बघतोय.
मी पंच्याण्णव ऐकलं.
तो ओडेटला खांद्यावर घेऊन दीपगृहापर्यंत गेला,
ती वरून ओरडत होती, आई, मी उंच.
मी हसले, पाच मागे ठेवून.
कुठे ठेवते, ते मलाही नीट माहीत नाही.

सप्टेंबरात त्यांचा ताळा झाला. जुळला.
एकशे बासष्ट डॉलर परत आले,
त्यांचं गीझर दुरुस्त केलं. चैन म्हणून
अर्धा किलो चेरी, हंगामाआधीच्या, आंबट.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत:
परिस्थिती बदलल्यास चौदा दिवसांत कळवावे.

अकरा दिवस झाले, बोट दोनदा येऊन गेली
आणि तो गेला नाही.
बेसिनवर एकच ब्रश आहे, ओला.
बाकीच्यांनी तो सायकलची साखळी घासतो.
मी फोन हातात घेते, पियानो सुरू होतो,
ठेवून देते.
अजून तीन दिवस आहेत.