धरणं आणि अडवणं

घेंटच्या बाहेर, बीटच्या शेतांपलीकडे
चौदा लामा आहेत आमच्या.
त्यातली उर्सुला थुंकते. तिला सुई कळते, पांढरा कोट कळतो,
माझी चाल कळते कुंपणापासूनच.

सहा आठवडे तिला माणसाचं एक प्रथिन टोचलं.
त्याला नाव नाही, दोन अक्षरं आणि एक आकडा.
तसं ते वाईट नाही. निरोप्या आहे.
पेशीच्या दाराशी जातो, कडी वाजवतो,
म्हणतो, आग लागलीय, उठा.
एवढंच, की काहींच्या घरी
आग विझून वर्षं लोटली
तरी तो कडी वाजवतच राहतो.

माझ्या आईकडे, म्हणजे
तिच्या उजव्या हाताच्या मधल्या तीन बोटांत,
अकरा वर्षं.
ब्रूझला खिडकीत बसून लेस विणायची ती,
उशीवर चाळीस लाकडी बॉबिन,
आवाज असा, की वाटावं
आत घड्याळं दुरुस्त होतायत.
तीन औषधं झाली. तिच्या निरोप्याला
चौथंच दार ठाऊक असावं.
आता दुधाच्या बाटलीचं झाकण
ती दातांनी उघडते,
आणि आपण पाहिलंच नाही असं मी दाखवते.

उर्सुलाच्या रक्तातून एकशे बारा क्लोन निघाले.
सत्तेचाळिसावा काय घट्ट धरायचा!
कितीही धुवा, सुटेना. आलेख पाहून
योरिसने सगळ्यांना वाफल आणले.
मग पेशींवर घालून पाहिला,
आणि पेशी उजळल्या, एकूण एक,
निरोप पोचला की उजळतात तशा.
त्याने निरोप्याला मागून धरलं होतं,
कोटाच्या टोकाला.
हात मोकळेच होते कडी वाजवायला.

बसमध्ये काच पुसत बसले.
धरणं वेगळं, अडवणं वेगळं.
आईला मी अकरा वर्षं
धरूनच होते.

एकोणनव्वदावा जेमतेम चिकटतो,
पण नेमका तिथे, दोन बोटांच्या बेचक्यात.
पेशी अंधारात राहिल्या.
प्लेट पुन्हा लावली. पुन्हा अंधार.
रात्रीचे सव्वादहा, वाफलची गाडी बंद,
कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं इमारतीत
एका सफाईवाल्याशिवाय. त्याला सांगितलं.
तो म्हणाला, काहीच दिसत नाही म्हणून एवढा आनंद?

रविवारी आईला सांगितलं.
तिने आधी विचारलं, लामाला सफरचंद देता का?
मग, किती वर्षं?
दहा. बारा. जमलंच तर.
ती शहात्तरची आहे. हिशेब दोघींनी केला,
मोठ्याने कुणीच नाही.

आणि खरीच आग लागली तर? ती म्हणाली.
त्याला अडवून बसलात, आणि खरीच लागली तर?
मग ताप चढणार नाही, आई. उशिरा कळेल.
रोज कुणीतरी पाहत राहावं लागेल.

हं, म्हणाली.
खिडकीबाहेर कालव्यावर एक बोट
पर्यटकांना काहीतरी समजावत गेली.
मग तिने बाटली माझ्याकडे सरकवली,
माझ्याकडे न बघता.
झाकण खरंच घट्ट होतं.