निळं मांस

त्या रात्री पाऊस पडला, एवढंच.
एप्रिलअखेर, डोंगरावर बर्फ भुसभुशीत,
आंताकाका टोपी काढून भिजत उभा राहिला,
कोवळा पाऊस अंगाला चांगला, म्हणाला.

शरदात पेटीवाला आला.
रेनडिअरच्या मांडीवर नळी टेकवली,
वैद्य टेकवतो तशी,
आणि वहीत लिहिलं: दहा हजार बेकरेल.
सिग्गानं विचारलं, "हे कुणाचं नाव?"
"एका शास्त्रज्ञाचं. वारला तो."
"मग आमच्या कळपात काय करतोय?"

दगडफुलाला मुळं नसतात.
ते आभाळच खातं.
रेनडिअर दगडफूल खातात,
आम्ही रेनडिअर.
ठाऊक होतंच की आम्हाला;
पेटीवाल्यानं फक्त उलटीकडून वाचून दाखवलं.

मांसावर निळा रंग ओतला, कुणी खाऊ नये म्हणून.
खड्ड्यात ढीग. कावळेसुद्धा
आधी एक डोळा, मग दुसरा लावून बघायचे.
उरलेलं मिंकांच्या फार्मवर गेलं.
भरपाईचा चेक वेळेवर आला, खोटं कशाला बोला.

पुढच्या वर्षी स्टॉकहोमहून पत्र:
मर्यादा तीनशे होती, आता पंधराशे.
म्हणजे परवाचं विष, आजचं जेवण.
काकानं ते दोनदा वाचलं,
चुलीत नाही टाकलं;
चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं.

सिग्गाला सातवा महिना.
रक्ताची धिरडी करते, सगळ्यांना वाढते,
स्वतः बटाटा सोलत बसते.

बाहेर भुरभुर.
टोपी घातल्याशिवाय काका आता
दारातली लाकडं आणायलाही जात नाही.