पाऊण सेकंद

आडनाव झोपे,
आणि पगार मिळतो यंत्रांना झोपवण्याचा.
सावद्यात हे कुणालाही सांगा,
आधी हसतात, मग विचारतात,
"मंग जागं कोन करतं?"
तेही मीच.

मे महिना, रात्रीचा दीड.
बाहेर पत्र्याला अजून हात लावता येत नाही,
आत चार नंबरच्या चेंबरमध्ये सतरा अंश
आणि नऊ टन केळी, हिरवेपण सोडण्याच्या बेतात.
भिंतीवर माझा डबा: एक बोर्ड, एक बॅटरी,
एकाच तारेवर ओळीनं बसवलेले सहा सेन्सर.
दर दहा मिनिटांनी उठायचं,
गारवा मोजायचा, लिहून ठेवायचा,
पुन्हा निजायचं.
एवढंच काम.
तरी महिनाभर पुरणारी बॅटरी
तिसऱ्या दिवशी मान टाकते.

लॉग उघडून बसले.
कर्नल सांगतो, चला, आवरा आता.
प्रोग्राम थिजतात जागच्या जागी,
अर्धं वाक्य तोंडात धरून.
रेडिओ गप्प होतो. दिवा मिटतो.
आणि पाचवा सेन्सर म्हणतो, थांबा, माझं चाललंय.
झालं.
एकानं नाही म्हटलं
की अंथरुणाला पाठ टेकलेले सगळे उठून बसतात,
लग्नघरात एक पोर रडावं तसे.
पुन्हा आवरा. पुन्हा थांबा.
रात्रभर हेच, सकाळपर्यंत बॅटरी कोरडी.

मी पाचव्याला शिव्या घातल्या.
दुपारी त्याला बदलूनही पाहिलं.

गुलशेर तडवी राखणीला असतो.
मालाच्या शेडमधले दिवे तो टोकापासून बंद करत येतो,
लांबचा आधी, मग त्याच्या अलीकडचा,
दाराशी आला की शेवटी मेन.
आज मी बघत राहिले तर म्हणाला,
"मेन आधी पाडशीन त अंधारात ठेचा खाशीन, ताई."

ड्रायव्हर उघडला. एकशे बाराव्या ओळीवर
तारेची वीज मी एक पायरी आधीच काढून घेतली होती.
पाचवा बिचारा बोलत होता
मेलेल्या तारेवर,
उत्तराची वाट बघत.
दोन ओळी खाली सरकवल्या.
आधी लेकरं, मग तार, मग मेन.
उठताना उलटं.

झोपला.
पहिल्यांदाच सगळा डबा झोपला,
मिलिअँपिअरचा काटा खाली, अगदी खाली.
जागी फक्त एक पिन,
दहा मिनिटं मोजत बसलेली.
हिला झोप मिळणार नाही, हे कोडमध्येच लिहिलंय.
गुलशेरची खाट दाराबाहेर का, ते कुठेच लिहिलेलं नाही.

दहा मिनिटांनी डबा उठला
आणि म्हणाला: पंच्याऐंशी अंश.
सहाच्या सहा सेन्सर, एका सुरात, पंच्याऐंशी.
सावद्यात मे महिन्यात हेही खपलं असतं.
पण नऊ टन केळी शिजली नव्हती.
वीज गेली की हे विसरतात कुठे होते ते,
आणि डोळा उघडताच
जन्माच्या वेळचा आकडा सांगून मोकळे होतात.
खरं मोजायला त्यांना पाऊण सेकंद लागतो.
तो मी कधी दिलाच नव्हता.

दिला.
सतरा पूर्णांक दोन.

गुलशेरनं कूस बदलली, डोळे मिटलेलेच.
"झालं का, ताई?"
"झालं," मी म्हटलं, लगेच.
मग थोडं थांबून,
"पाचवा सकाळी परत बघते."