डिग, डग, डग

हाश्मी सरांच्या फळ्यावर तीन रकाने असायचे.
पहिल्यात आज, दुसऱ्यात काल,
तिसऱ्यात काय, ते सरांनाही नीट सांगता यायचं नाही.
'हॅव लागलं की येतं,' म्हणायचे
आणि हातावरचा खडू झटकायचे.

मी उभी राहून म्हणाले : डिग, डिग्ड, डिग्ड.
वर्ग हसला. सर नाही हसले.
'गो चं गोड होतंय का पोरी? वेन्ट होतं.
तसं डिगचं डग. पन्नास वेळा लिहून आण.'

डग मला ठाऊक होता.
आई पहाटे टाकायची तो, लांब,
डोक्यावर रिकामं टोपलं, तेरणेच्या कडेकडेनं
पांढरीच्या टेकाडावर.
तिथं त्या हिवाळ्यात सरकारी माणसांनी
सुतळ्या ताणून चौकोन आखले होते
आणि तेरच्या अकरा बाया हजेरीवर घेतल्या होत्या
खांदायला.

खांदायला म्हणजे तसं नव्हे.
कुदळ उचलली की साहेब ओरडायचे.
खुरप्याचं टोक, मग ब्रश,
दिवसाला बोटभर खाली.
'भाकरीवरची राख झटकावी
तसं खांदायलाव आम्ही,' आई सांगायची.

रात्री ती चुलीपुढं, मी वहीपुढं.
डग डग डग डग
'किती येळा तेच लिहायलीस?'
म्हटलं, खांदलं, असं लिहायलेय, इंग्रजीत.
तिनं एका शब्दावर ओलं बोट ठेवलं.
'एवढंसंच? आमाला तर महिना लागला.'

मग म्हणाली, 'आज बांगडी निघाली. शंखाची. अर्धी.
मनगटाला लावून बघितली,
हात माज्याएवढाच व्हता तिचा.
कवाची मेली आसंल, गेली आसंल बाई.'

मर चं मेली, जा चं गेली :
हे तिला कुणी पन्नास वेळा
लिहायला लावलं नव्हतं.
जिथं मोडायचं तिथं
शब्द तिच्या तोंडात आपोआप मोडायचा.

पुढं खूप वर्षांनी
काचेखाली ती अर्धी बांगडी पाहिली.
तीच असावी.
पाटीवर इंग्रजीत एक ओळ, वॉज लावलेली,
आणि तिच्यात डग.
तेव्हा कळला सरांचा तिसरा रकाना :
तिथं खांदणाराचं नाव
सांगावं लागत नाही.

चैतात चौकोन बुजवले.
त्यालाही त्याच अकरा बाया.
सरांनी विचारलं तेव्हा मी झटकन म्हणाले,
फिल, फिल्ड, फिल्ड.
'शाब्बास,' सर म्हणाले, 'हे पाठ करावं लागत नाही.'

आई शेवटची हजेरी पदरात बांधून आली.
दगडावर हात घासले, परत घासले.
नखांत पांढरी तशीच होती
आखाडापर्यंत.