तीन सामाईक तारखा

डिसेंबरात दूधवाला फुकट कॅलेंडर देतो
ते मी उलटंच धरतो.
मागच्या पानावर आधी सुट्ट्या,
राशीभविष्य बायको वाचते.

हेमराज उधन्याला, साड्या रंगवायच्या मिलमध्ये.
कुमुद बऱ्हाणपूरला, अंगणवाडीत.
मी मधे, भुसावळात,
दीपनगरच्या तीन पाळ्यांत फिरणारा.
तिघं एकाच तापीच्या काठी.
कुमुदकडून निघालेलं पाणी
माझ्यावरून हेमराजकडे जातं, परवानगी न विचारता.
आम्हाला मधे राज्यं लागतात. तीन.

उत्तरायणाला तिकडे मिल बंद, पतंग वर,
तेव्हा माझी रात्रपाळी.
रंगपंचमीला कुमुदचं अख्खं गाव मोकळं,
हेमराज टाकीत हात घालून उभा.
शिवजयंतीला माझी सुट्टी, तर त्या दोघांचे भोंगे वाजलेले.
दिवाळी सगळीकडेच लाल,
पण ती ज्याच्या त्याच्या सासरची.

तिन्ही राज्यांची कॅलेंडरं एकावर एक ठेवून
ट्यूबलाइटसमोर धरली एकदा.
आरपार लाल दिसल्या त्या तीन:
सव्वीस, पंधरा, दोन.

यंदा सव्वीस सोमवारी.
कंट्रोल रूममधले साहेब शनिवार-रविवार जोडून तोरणमाळला.
मला विचारतात, तुम्ही कुठं जोडून?
मी म्हटलं, चांगदेव. सव्वाचार तास.

हेमराज रात्रीच्या पॅसेंजरनं, बसून आलेला.
नखांत आठवड्याचा रंग, यंदा मोरपंखी.
कुमुदला आधी झेंडा,
मग पोरांच्या रांगा, मग बुंदी,
मग इच्छापूरवरून कोंबलेली जीप.
पावणेएकला उतरली,
पिशवीत एक लाडू, तिघांत फोडायला.
बाकीची माणसं मोजलीच नाहीत तिनं.

संगमाच्या वर नारखेड्यांचं शेत.
पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात बामणोदची वांगी,
फुगून, फुटून, पाणी सोडणारी.
बडजीत मिरची-लसूण कुटताना
हेमराजला ठसका, कुमुदला हसू,
आणि धूर ज्याच्याकडे जाईल
त्याची सासू त्याच्यावर खूश, असलं जुनंच काहीतरी.

पुंडलिक भावजी दरवर्षी तेच म्हणतात,
पुरीत भरीत भरता भरता:
"मेहुणे, मुहूर्त काय शोधलाय!
वर्षाचे तीन दिवस, अन् तिन्ही ड्राय डे!"
सगळे हसतात. मीही.

सात वर्षांपूर्वीचं धुलिवंदन कुणी काढत नाही.
वडिलांचा पाडळशाचा प्लॉट,
हेमराजच्या हातातला ग्लास,
कुमुदच्या चौकटीवर फुटलेला.
नंतर दोन वर्षं फोन वाजायचा
आणि कुणी उचलायचं नाही.
तारखा तेव्हापासून मी निवडतो.

पाच वाजता हेमराज बूट शोधतो.
एक पोराच्या पायात निघतो.
कुमुद बोटांवर मोजते: पंधरा ऑगस्ट शनिवारी.
भावजी म्हणतात, गेली वाया, शनिवारी आली ती.
हेमराजची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी,
त्याला काही समजत नाही काय वाया गेलं.
"पण ऑगस्टात इथं पाणी असेल," कुमुद म्हणते,
"बसायचं कुठं?"
"भुसावळला, फलाटावर," हेमराज म्हणतो,
"तीन नंबरला बाकडी बरी आहेत.
भरीत नसलं तर नसू दे."

रात्री पाळीवर जाण्याआधी
ऑगस्टचं पान वर उचलून बघतो.
झोपेशी बोलणं झालंय.
आडनावच झोपे, माणूस जागा:
एका पंधरा तारखेच्या बदल्यात
दिवाळीच्या दोन रात्री मागून घेतल्या त्यानं.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.
अंगाला भरताचा धूर आहे,
आणि खिशात, कुठून आला कोण जाणे,
बुंदीचा एक दाणा.